खैरात आणि हक्क : म्हातारपणाच्या सनदेची सत्त्याहत्तर वर्षं

'खैरात' आणि 'हक्क' हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. फारसीच्या वाटेनं ते मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. दोन्हींत घेणाऱ्याच्या हातात काहीतरी पडतं. फरक असतो तो हात पुढे कसा येतो याचा. खैरात घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते, देणाऱ्याची मर्जी राखावी लागते आणि उद्या ती मिळाली नाही तर तक्रार करायला जागा नसते. हक्काचं तसं नाही. हक्काचं मिळालं नाही तर माणूस दाद मागू शकतो. पण दाद मागायची तर कुठेतरी काहीतरी लिहिलेलं असावं लागतं आणि ऐकणारा कुणीतरी असावा लागतो.

म्हाताऱ्या माणसांना जगानं काय दिलं, याचा इतिहास म्हणजे या दोन शब्दांमधल्या अंतराचा इतिहास आहे. स्त्रियांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ साली झाला, मुलांच्या हक्कांचा १९८९ साली, अपंगांच्या हक्कांचा २००६ साली. म्हाताऱ्यांच्या हक्कांचा करार मात्र अजून व्हायचा आहे. गंमत अशी की यांतल्या पहिल्या कराराच्याही तीस वर्षं आधी म्हाताऱ्यांच्या हक्कांचा मसुदा संयुक्त राष्ट्रसंघाच्या टेबलावर येऊन पडला होता. तो तिथून कुठे गेला आणि परत कसा आला, त्याची ही गोष्ट.

आधी थोडं मागे जाऊ. सरकारनं म्हाताऱ्यांना नियमित पैसे द्यावेत ही कल्पना काही फार जुनी नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत, १८८९ साली, कामगारांसाठी वार्धक्य विम्याचा कायदा झाला. त्यात निवृत्तिवेतनाचं वय होतं सत्तर. इंग्लंडमध्ये १९०८ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला कमाल पाच शिलिंग मिळू लागले. तोवर तिथल्या निराधार म्हाताऱ्यांपुढे धर्मादाय मदत किंवा 'वर्कहाऊस' एवढेच पर्याय असत. वर्कहाऊस म्हणजे कोंडवाड्यासारखा अनाथालय-कारखाना. नवरा-बायको तिथे शिरले की त्यांची ताटातूट व्हायची. नव्या कायद्याचे पाच शिलिंग मिळत ते टपाल कचेरीच्या खिडकीवर. ही बाब छोटी वाटते, पण मोठी होती. टपाल कचेरीत पत्र टाकायला गावातला सगळ्यात श्रीमंत माणूसही येतो. तिथं रांगेत उभं राहण्यात लाज नव्हती. अर्थात चाळणी तिथंही होतीच. ज्यानं आयुष्यभर काम टाळलं असेल त्याला पैसे नाहीत, ज्यानं नुकतीच धर्मादाय मदत घेतली असेल त्यालाही नाहीत. हक्क दाराशी आला होता, पण उंबरठ्यावर चारित्र्याचा दाखला मागत होता.

आता १९४८ साली अर्जेंटिनात येऊ. तिथं हुआन पेरॉन अध्यक्ष होते आणि त्यांच्या पत्नी एवा पेरॉन गोरगरिबांच्या गळ्यातला ताईत झाल्या होत्या. २८ ऑगस्ट १९४८ रोजी एवा पेरॉन यांनी म्हातारपणाच्या दहा हक्कांची घोषणा केली. आधार, निवारा, अन्न, वस्त्र, शरीराच्या आरोग्याची काळजी, मनाच्या आरोग्याची काळजी, करमणूक, काम, स्वस्थता आणि आदर. ही यादी पुन्हा एकदा वाचावी अशी आहे. अन्न-वस्त्र-निवारा कुणीही लिहील. पण म्हाताऱ्या माणसाला करमणुकीचा हक्क आहे, त्याची इच्छा आणि ताकद असेल तर कामाचा हक्क आहे, आणि उरलेले दिवस घोर नसताना काढण्याचा हक्क आहे, असं त्या काळी कुणी लिहीत नव्हतं.

अर्जेंटिना एवढ्यावर थांबला नाही. त्या देशानं हा मसुदा संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे ठेवला. आमसभा तेव्हा पॅरिसमध्ये भरली होती. ४ डिसेंबर १९४८ रोजी आमसभेनं ठराव केला. त्याचा सारांश एका वाक्यात सांगता येतो : मसुदा आर्थिक व सामाजिक परिषदेकडे अभ्यासासाठी पाठवावा. सरकारी कारभाराची ओळख असलेल्या माणसाला 'अभ्यासासाठी पाठवावा' या शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्यानंतर सहाच दिवसांनी, १० डिसेंबर १९४८ रोजी, त्याच पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमात मुळात इंग्रजीत 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा शब्द होता. तो बदलून 'सर्व माणसं' करावा हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला. तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळात काम केलेल्या या बाईंमुळे जगाच्या सनदेतला एक शब्द बदलला आणि त्या शब्दाबरोबर निम्मी मानवजात आत आली. दुसऱ्या कलमात भेदभाव कशावरून करू नये याची यादी आहे. वंश, वर्ण, लिंग, भाषा, धर्म, मत, मूळ, मालमत्ता, जन्म असं सगळं तिच्यात आहे. 'वय' नाही. म्हातारपण येतं ते पुढे पंचविसाव्या कलमात, बेकारी, आजार, अपंगत्व आणि वैधव्य यांच्या पंगतीत. म्हणजे माणसाच्या हाताबाहेरची एक आपत्ती म्हणून. आपत्तीत सापडलेल्याला मदत करायची असते. त्याला हक्क आहेत, तो बोलू शकतो, निर्णय घेऊ शकतो, हा विचार त्या पंगतीत बसत नव्हता.

अर्जेंटिनात पुढे काय झालं? १९४९ च्या नव्या राज्यघटनेत हे दहा हक्क समाविष्ट झाले. १९५२ साली एवा पेरॉन वारल्या, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. ज्या बाईनं म्हातारपणाचे हक्क मांडले तिला म्हातारपण दिसलंच नाही. १९५५ साली लष्करानं पेरॉन यांना पदच्युत केलं आणि १९५६ मध्ये ती घटनाच रद्द झाली. तिच्याबरोबर दहा हक्कही गेले. यातला धडा कडू आहे. एवा पेरॉन स्वतः सांगत की हे दान नव्हे, हा न्याय आहे. पण सगळी मदत त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानातून, त्यांच्या हातून वाटली जाई. एका व्यक्तीच्या मर्जीवर उभा राहिलेला हक्क त्या व्यक्तीबरोबर जातो. म्हणूनच हक्काला व्यक्तीपेक्षा, सरकारापेक्षा, कधी कधी देशापेक्षाही मोठा आधार लागतो. आंतरराष्ट्रीय करार लागतो तो याचसाठी.

नंतरची वीस वर्षं या विषयावर जवळजवळ सामसूम होती. १९६९ साली तो पुन्हा संयुक्त राष्ट्रसंघात मांडला माल्टानं. भूमध्य समुद्रातलं हे एवढंसं बेट, लोकसंख्या तीन-साडेतीन लाख. बड्या राष्ट्रांना त्या वेळी अण्वस्त्रांची आणि चंद्राची घाई होती. म्हाताऱ्यांची आठवण ठेवली ती एका छोट्या देशानं.

त्याच १९६९ मध्ये अमेरिकेत एक वेगळी घटना घडली. वॉशिंग्टनजवळच्या चेव्ही चेस या सुखवस्तू वस्तीत एका इमारतीत गरीब म्हाताऱ्यांची राहण्याची सोय करायची योजना होती. रहिवाशांनी कडाडून विरोध केला. रॉबर्ट बटलर नावाचे मनोविकारतज्ज्ञ तेव्हा शहराच्या वार्धक्यविषयक समितीचे काम पाहत होते. वर्णावरून आणि लिंगावरून होणाऱ्या भेदाला नाव आहे, मग वयावरून होणाऱ्या भेदाला का नसावं, असं म्हणून त्यांनी एक शब्द घडवला : 'एजिझम'. मराठीत आपण 'वयभेद' म्हणू. अन्यायाला नाव मिळालं की त्याच्याविरुद्ध बोलता येतं. हा भेद इतरांपेक्षा चमत्कारिक आहे. गोरा माणूस उद्या काळा होणार नसतो. पण म्हाताऱ्यांना आपल्या वस्तीत येऊ न देणारा प्रत्येक जण, जगला वाचला तर, उद्या म्हातारा होणारच असतो. तो दार लावतो ते स्वतःच्याच तोंडावर.

पुढच्या वर्षी, १९७० साली, फिलाडेल्फियात मॅगी कून नावाच्या बाईंना त्यांच्या चर्च संघटनेनं पासष्टीच्या उंबरठ्यावर सक्तीनं निवृत्त केलं. निरोपाची भेट म्हणून त्यांना शिलाई मशीन दिलं. बाईंनी ते वापरलंच नाही. आपल्यासारख्याच निवृत्त केलेल्या मैत्रिणींना जमवून त्यांनी संघटना काढली. पुढे तिचं नाव पडलं 'ग्रे पँथर्स', म्हणजे करडे, पिकल्या केसांचे चित्ते. या संघटनेत त्यांनी तरुणांनाही घेतलं, कारण म्हाताऱ्यांचा प्रश्न हा म्हाताऱ्यांचा एकट्यांचा नाही असं त्यांचं म्हणणं होतं. सक्तीच्या निवृत्तीविरुद्ध, वृद्धाश्रमांतल्या हेळसांडीविरुद्ध त्या रस्त्यावर उतरल्या. १९८६ साली अमेरिकेनं बहुतेक नोकऱ्यांतली वयावरून होणारी सक्तीची निवृत्ती कायद्यानं बंद केली. त्यामागे अनेकांचे कष्ट होते, त्यांत या बाईंचेही होते.

माल्टानं पेरलेलं उगवायला तेरा वर्षं लागली. २६ जुलै ते ६ ऑगस्ट १९८२ या काळात व्हिएन्नात वार्धक्यावरची पहिली जागतिक परिषद भरली. तिच्या कृती आराखड्यात ६२ शिफारशी होत्या. आरोग्य, घर, कुटुंब, उत्पन्न, शिक्षण, सगळ्यांवर होत्या. पण शिफारस ती शिफारस. मानली तर वाहवा, नाही मानली तर कुणी विचारत नाही.

त्याच वर्षी दिल्लीत मात्र एक गोष्ट शिफारशीच्या पुढे गेली. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नकारा खटल्याचा निकाल दिला. निवृत्तिवेतन ही मालकानं खूश होऊन दिलेली बक्षिसी नाही, मर्जीचा प्रश्न नाही, केलेल्या सेवेपोटी मिळणारा तो हक्क आहे, असं न्यायालयानं म्हटलं. आपल्याकडचे निवृत्त कर्मचारी १७ डिसेंबर हा दिवस 'पेन्शनर दिन' म्हणून पाळतात तो यामुळे. व्हिएन्नात सव्वाशेच्या आसपास देशांना जे ठामपणे म्हणता आलं नाही, ते त्या एका निकालानं म्हटलं. फक्त ते नोकरदारांपुरतं होतं. ज्यानं जन्मभर शेतात, बांधावर, बाजार समितीत पाठीवर पोती वाहिली त्याच्या सेवेपोटी काय, हा प्रश्न उरलाच. त्याकडे पुढे येऊ.

१९८३ साली इंग्लंड, कॅनडा, कोलंबिया, केनिया आणि भारत या पाच देशांतल्या संस्थांनी एकत्र येऊन 'हेल्पएज इंटरनॅशनल' ही संघटना उभी केली. भारतातली 'हेल्पएज इंडिया' १९७८ पासून काम करत होती. १९९० साली आमसभेनं १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला. १६ डिसेंबर १९९१ रोजी अठरा तत्त्वं मंजूर झाली. त्यांचे पाच गट होते : स्वावलंबन, सहभाग, काळजी, आत्मविकास आणि प्रतिष्ठा. १९९९ हे ज्येष्ठांचं वर्ष म्हणून साजरं झालं. एप्रिल २००२ मध्ये माद्रिदला दुसरी जागतिक परिषद झाली आणि नवा आराखडा आला. दिवस झाला, वर्ष झालं, तत्त्वं झाली, आराखडे झाले. सगळं चांगलंच होतं. पण यांतलं काहीही एखाद्या सरकारला बांधून घालणारं नव्हतं.

इथं कुणी विचारील, आणि अनेक श्रीमंत देशांनी बरीच वर्षं हेच विचारलं, की मानवी हक्क सर्वांनाच आहेत, त्यांत म्हातारे आलेच, मग वेगळा करार कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. करार झाला की त्यावर सही करणाऱ्या प्रत्येक सरकारला ठरावीक काळानं अहवाल द्यावा लागतो. अहवाल द्यायचा तर माहिती गोळा करावी लागते. आणि म्हाताऱ्यांच्या बाबतीत नेमका तिथंच अंधार आहे. आपल्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं उदाहरण घ्या. बायकांना घरात मारहाण होते का, हे ती पाहणी विचारते. पण ज्या बायकांना विचारते त्या पन्नाशीच्या आतल्या. बावन्नाव्या वर्षी नवऱ्याचा, सत्तराव्या वर्षी मुलाचा मार खाणारी बाई त्या आकड्यांत नाहीच. कारण प्रजननाचं वय संपलं की आपल्या लेखी बाई संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या सहांपैकी एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा छळ सोसावा लागतो. यातले बहुतेक जण तक्रार करत नाहीत. तक्रार करायची म्हणजे पोटच्या पोराचं नाव घ्यायचं.

हा युक्तिवाद मान्य व्हायला वेळ लागला. २१ डिसेंबर २०१० रोजी आमसभेनं एक कार्यगट नेमला. म्हाताऱ्यांच्या हक्कांना आहे ते संरक्षण पुरतं का, हे त्यानं तपासायचं होतं. एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्कला त्याची पहिली बैठक झाली. अध्यक्षपदी होते अर्जेंटिनाचे प्रतिनिधी. त्रेसष्ट वर्षांपूर्वी 'अभ्यासासाठी' गेलेली फाइल पुन्हा त्याच देशाच्या हाती आली होती. २०१२ च्या अखेरीस करारासाठी प्रस्ताव तयार करावेत असा ठराव आमसभेत मतदानाला आला. बाजूनं ५४, विरोधात ५, आणि तटस्थ ११८. विरोधकांना उत्तर देता येतं. एकशे अठरा देश गप्प बसतात तेव्हा कुणाला उत्तर द्यायचं? घरात म्हाताऱ्या माणसाशी जे होतं तेच इथं झालं. नाही कुणी म्हणत नाही, पण कुणी उठतही नाही.

कार्यगट दरवर्षी बसत राहिला. जगभरच्या संस्था एकत्र आल्या. साठी-सत्तरी-ऐंशीतली माणसं स्वतः सभागृहात येऊन बोलू लागली. वयामुळे विमा नाकारला, कर्ज नाकारलं, उपचाराच्या यादीत मागे ढकललं, वृद्धाश्रमात खाटेला बांधून ठेवलं, असे प्रश्न तिथं मांडले गेले. दरम्यान काही खंडांनी वाट पाहणं सोडून दिलं. १५ जून २०१५ रोजी अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेनं वृद्धांच्या मानवी हक्कांचा करार मंजूर केला. २०१७ पासून तो लागू आहे आणि देशांना बांधून घालणारा या विषयावरचा तो जगातला पहिला करार. जानेवारी २०१६ मध्ये आफ्रिकी संघानं आपला मसुदा मंजूर केला. तिथं म्हाताऱ्या बायकांना चेटकीण ठरवून मारण्याचा प्रश्न आहे, म्हणून त्यांनी तो स्पष्ट लिहिला. आवश्यक त्या देशांची मान्यता मिळून २०२४ मध्ये तो लागू झाला. आशिया खंडापुरता असा करार मात्र नाही. जगातले सर्वांत जास्त म्हातारे याच खंडात राहतात.

मग २०२० साल आलं. करोनाच्या साथीत म्हातारपणाची किंमत जगानं उघड्यावर मांडली. मार्चमध्ये स्पेनच्या संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं की निर्जंतुकीकरणासाठी वृद्धाश्रमांत गेलेल्या सैनिकांना काही ठिकाणी म्हातारी माणसं वाऱ्यावर सोडलेली आढळली आणि काही बिछान्यातच मरून पडलेली होती. श्वासयंत्र कमी आणि रुग्ण जास्त असतील तर वय पाहून ठरवावं का, याची चर्चा शहाण्यासुरत्या देशांत खुलेपणानं झाली. वेगळा करार कशाला, या प्रश्नाचं उत्तर आता कुणाला शोधावं लागत नव्हतं. त्याच सुमारास आणखी एक लहानसा, पण अर्थपूर्ण विजय मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादीत 'म्हातारपण' हा शब्दच नोंदला जाणार होता. जगभरातून आक्षेप आले. २०२२ च्या जानेवारीपासून ती यादी लागू व्हायच्या सुमारास तो शब्द काढला गेला. म्हातारपण हा आजार नाही, एवढं कागदावर यायलाही भांडावं लागलं.

मे २०२४ मध्ये कार्यगटाच्या चौदाव्या बैठकीत शेवटी एकमत झालं. आहे त्या संरक्षणात त्रुटी आहेत आणि त्या भरून काढण्याच्या मार्गांत बंधनकारक कराराचाही विचार व्हावा, असं सर्वांनी मान्य केलं. ३ एप्रिल २०२५ रोजी जिनिव्हात मानवी हक्क परिषदेनं मतदानाविना ठराव मंजूर केला आणि वृद्धांच्या हक्कांच्या बंधनकारक कराराचा मसुदा लिहिण्यासाठी सरकारांचा गट स्थापन केला. ठराव मांडण्यात पुढाकार होता ब्राझील, फिलिपाइन्स, गांबिया, स्लोव्हेनिया आणि अर्जेंटिनाचा. १९४८ पासून मोजलं तर सत्त्याहत्तर वर्षं झाली. १९४८ साली जन्मलेलं मूल आता स्वतः त्या कराराची वाट पाहण्याच्या वयाचं झालं आहे.

इथं टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण त्याच्या तीनच आठवडे आधी, १२ मार्च २०२५ रोजी, त्याच अर्जेंटिनाच्या राजधानीत पेन्शनर संसदेसमोर उभे होते. महागाईत पेन्शन पुरत नाही म्हणून ते दर बुधवारी तिथं जमत होते. आधीच्या बुधवारांना पोलिसांचा मार त्यांना बसला होता. म्हणून त्या दिवशी त्यांच्या रक्षणासाठी फुटबॉल संघांचे चाहते, एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारे, आपापल्या संघाचे शर्ट घालून आले. अश्रुधूर, रबरी गोळ्या, शेकड्यांनी झालेली जखमींची आणि अटकेतल्यांची गर्दी, सगळं झालं. जिनिव्हात हक्कांसाठी हात वर करणारं सरकार घरात म्हाताऱ्यांवर लाठी चालवू शकतं. म्हणून कराराला शेवट समजू नये. करार म्हणजे बुधवारी रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातातला कागद.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्या राज्यघटनेच्या एकेचाळिसाव्या कलमात म्हातारपणी सरकारी मदतीचा उल्लेख आहे. पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत', आणि तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे त्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही. विवाहित मुलगीही आई-वडिलांच्या पोटगीला बांधील आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करून मुलांकडून निर्वाह खर्च मागता येतो, त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि मुलानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका आईच्या बाबतीत तसं केलंही. २०१८ साली त्याच न्यायालयानं वृद्धांचा प्रतिष्ठेनं जगण्याचा हक्क घटनेतल्या जीविताच्या हक्कातच येतो, असं म्हटलं. ही सगळी पावलं मोलाची आहेत. पण नीट पाहिलं तर त्यांतलं मोठं ओझं मुलांच्या खांद्यावर आहे. मूलच नसेल तर? असेल आणि तेही रोजंदारीवर जगत असेल तर?

मघाशी पाठीवर पोती वाहणाऱ्याचा प्रश्न सोडला होता. तो उचलला पुण्याच्या हमाल पंचायतीच्या बाबा आढावांनी. २०१२ साली अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांच्या पुढाकारानं पेन्शन परिषद उभी राहिली. देशभरचे हमाल, शेतमजूर, विडी कामगार, मोलकरणी दिल्लीत जंतरमंतरला येऊन बसले. किमान वेतनाच्या निम्मी तरी पेन्शन प्रत्येक कष्टकऱ्याला द्या, ही त्यांची मागणी. नोकरदाराची पेन्शन हा त्याच्या सेवेचा हक्क असेल, तर ज्यांच्या पाठीवरून या देशाचं धान्य गेलं त्यांनी सेवा केली नाही का? केंद्र सरकारच्या वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबाला केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे, ऐंशीपुढे ५००. महाराष्ट्रात राज्याचा वाटा धरून दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्या योजनेचं नाव आहे 'श्रावणबाळ'.

नाव सुरेख आहे. देणाऱ्याची भावनाही चांगली असेल. पण या नावातच आपली सगळी अडचण आहे. श्रावणबाळ हा चांगला मुलगा होता म्हणून त्यानं कावड उचलली. सरकार आपला मुलगा नाही. ते आपण निवडतो, त्याला कर देतो आणि त्याच्याकडून हिशेब मागतो. म्हाताऱ्या बाईला मिळणाऱ्या पंधराशे रुपयांना मुलाच्या मायेचं नाव दिलं, की ते उशिरा आले, तुटले, बंद पडले तरी ती बाई 'दिलं नाही' असं म्हणत नाही. 'नशीब' म्हणते.

करारानं आणि कायद्यानं घरातली माया आटेल, अशी भीती काही जण बोलून दाखवतात. पुंडलिकाच्या महाराष्ट्रात आई-बाप कोर्टात कसे जातील, असं विचारतात. मला यावर माझ्या धर्मातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. जकात म्हटलं की मराठी माणसाला आधी जकात नाका आठवतो, पण मूळ जकात म्हणजे मुसलमानानं आपल्या शिलकीतून गरिबांसाठी द्यायचा ठरलेला वाटा. तो आई-बापांना देता येत नाही. त्यांचं कमी महत्त्व म्हणून नव्हे. त्यांना सांभाळणं हे आधीच तुमच्यावर बंधन आहे, म्हणून. जे त्यांचंच आहे ते दानाच्या खात्यात टाकून पुण्य कसं कमवणार? जुन्या शास्त्रकारांनाही दान आणि देणं यांतला फरक ठाऊक होता आणि त्यामुळे कुणाच्या घरातली माया आटली नव्हती. विटेवर देवाला थांबवून ठेवणारा पुंडलिकही आई-बापांवर उपकार करत नव्हता. समोरचं काम आधी करत होता.

माया असेल तिथं कायद्याची पानं कुणी उलटतच नाही. ती लागतात माया संपते तिथं. आणि आता माणसं पूर्वीपेक्षा खूप जास्त जगतात. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं दहा कोटींवर गेली होती. जगात ती २०२० मध्ये शंभर कोटींवर पोहोचली आणि २०५० पर्यंत दोनशे कोटींच्या पुढे जातील, असा अंदाज आहे. इतक्या माणसांचं उरलेलं आयुष्य कुणाच्या सुनेच्या स्वभावावर आणि कुणाच्या मुलाच्या नोकरीवर सोपवून देणं शहाणपणाचं नाही.

जिनिव्हातल्या मसुद्यात काय लिहिलं जाईल, ते लिहायला किती वर्षं लागतील, आपला देश त्यावर सही करील का, हे पुढचं पुढे. तोवर गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी एक छोटी गोष्ट करायला हरकत नाही. वाढदिवस, सहली, भजनं चालू असू देत. त्यांच्या जोडीला महिन्यातून एकदा तहसील कचेरीत जाऊन गावातल्या किती जणांची पेन्शन थकली आहे, एवढं विचारून यावं. त्या खिडकीसमोर उभं राहताना हात पसरायचा नाही. बोट यादीवर ठेवायचं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)